मृदुलाच्या हातची आमटी

"खरं सांगा खांबेटे, गोळ्या किती घेता?"

डॉ. शिरसाटांनी हे इतक्या गोडीत विचारलं, की मृदुलाला आधी वाटलं ते नेहमीचंच काहीतरी विचारताहेत, झोप लागते का, भूक लागते का, असलं. मंदारलाही तसंच वाटलं असावं. तो हसून म्हणाला, "तुम्हीच बंद केल्यात की. सहा आठवडे झाले."

"तेच तर." डॉक्टरांनी टेबलावरचा संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. "हिमोग्लोबिन एकोणीस पूर्णांक एक. तुमच्यासारख्याचं तेरा झालं की आम्ही इथे पेढे वाटतो. आणि हे खाली बघा. तुमच्या रक्तात गोळीतलाच रेणू सापडलाय. गोळी बंद, आणि रेणू हजर. तो काही आभाळातून पडत नाही."

मृदुला नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली. गाल लाल, कानाच्या पाळ्या लाल, डोळेसुद्धा तांबारलेले. गेला महिनाभर ती या लालीचं कौतुक करत होती. शेजारच्या बायकांना बोलावून दाखवत होती, बघा हो, आमच्याकडे रक्त परत आलं!

"हे असंच राहिलं तर?" तिने विचारलं.

"रक्त काकवीसारखं दाट होत जातं, वहिनी. मग गुठळी. हृदयात, नाहीतर मेंदूत. आणि हा आठवड्यांचा मामला आहे, वर्षांचा नाही."

मंदार खांबेटे नाशकात पंचवीस वर्षं सायकल शर्यतींचा प्रशिक्षक होता. पन्नाशी ओलांडली आणि मूत्रपिंडांनी दगा दिला. मूत्रपिंडं रक्त गाळतात हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण ती एरिथ्रोपोएटिन नावाचं एक संप्रेरकही बनवतात, आणि हाडांतल्या मगजाला 'रक्त तयार कर' असा हुकूम तेच देतं, हे मृदुलाला नवऱ्याच्या आजारपणात कळलं. हुकूम देणाराच आजारी पडला आणि मंदारचं हिमोग्लोबिन सातवर आलं. ब्रह्मगिरीपर्यंत सायकल दामटणारा माणूस दुसऱ्या मजल्यावरच्या घरी येताना जिन्यात दोनदा बसायचा.

मग डॉ. शिरसाटांच्या संजीवक केंद्रात चौदा जणांवर नवा उपचार सुरू झाला. कल्पना सोपी होती. एक निरुपद्रवी विषाणू घ्यायचा, त्याच्या पोटातली त्याची जनुकं काढून टाकायची आणि तिथे या संप्रेरकाचं जनुक भरायचं. विषाणू म्हणजे नुसता टपालवाला. मांडीत इंजेक्शन दिलं की तो स्नायूंच्या पेशींत शिरतो, टपाल टाकतो आणि संपतो. जनुक मात्र तिथे वर्षानुवर्षं राहतं. मूत्रपिंडाचं काम मग मांडी करू लागते.

अडचण एकच होती. टाकलेलं टपाल परत मागवता येत नाही. जनुक अखंड चालूच राहिलं तर माणूस स्वतःच्याच रक्ताने मरायचा. म्हणून त्याच्या तोंडाशी एक पहारेकरी बसवला होता, एक प्रथिन. ते जनुकाला चिकटलेलं असेपर्यंत जनुक गप्प. गोळीतला रेणू आला की पहारेकरी जागा सोडतो आणि जनुक कामाला लागतं. रेणू संपला की पहारेकरी परत जागेवर. दर गुरुवारी एक गोळी, की आठवड्यापुरतं रक्त. हा रेणू शास्त्रज्ञांनी मुद्दाम असा निवडला होता, की जो माणसाच्या शरीरात नसतो आणि जगात फार थोड्या पदार्थांत सापडतो. त्या थोड्या पदार्थांसाठी केंद्राने प्रत्येक घराकडून स्वयंपाकघराचा फॉर्म भरून घेतला होता. घरात काय शिजतं, कशात काय पडतं, सगळं. संगणक तो वाचायचा आणि नडणारं काही दिसलं की लाल खूण करायचा. खांबेट्यांच्या फॉर्मवर एकही लाल खूण नव्हती.

म्हणजे उरला तो मंदार.

 घरी पोचताच मृदुलाने दार लावलं आणि तिथेच उभी राहून विचारलं, "कुणाकडून घेतोस?"

"काय?"

"गोळ्या. बागूलांकडून?"

निंबा बागूल कळवणजवळच्या एका खेड्यातले. एसटी चालवून निवृत्त झालेले. दोघांना इंजेक्शन एकाच दिवशी मिळालं होतं आणि तेव्हापासून त्यांची बायको बेबीताई आणि मृदुला केंद्राच्या बाकावर शेजारी बसून एकमेकींच्या डब्यातलं खायच्या.

"मृदुला, तू मला हे विचारतेस? मला?"

तिने विचारायला नको होतं, हे तिलाही कळत होतं. हेच संप्रेरक सायकलवाले चोरून टोचून घेतात. ताकद येते, दम लागत नाही. मंदारने आपला सगळ्यात गुणी शिष्य राज्य स्पर्धेच्या आदल्या दिवशी याच पापासाठी संघातून काढला होता. शिष्याचे वडील पाया पडले, तरी काढला होता.

"मग रक्तात आलं कुठून?" तिचा आवाज चढला. "परवा पेठ रोडने चाळीस किलोमीटर जाऊन आलास. तीन वर्षं जिन्यात बसत होतास, आणि आता चाळीस! मोह होतो रे माणसाला. मी समजू शकते. पण मला विधवा करून कुठली शर्यत जिंकणार आहेस?"

 मंदारने सायकलची किल्ली तिच्या हातात ठेवली आणि आतल्या खोलीत गेला. त्या दुपारी तिने त्याचं कपाट, बूट, सायकलची पिशवी, सीटखालची नळीसुद्धा तपासली. पंक्चरच्या पट्ट्या सापडल्या आणि अर्धी खाल्लेली चिक्की.

जानेवारीत डॉक्टरांनी मंदारला दोन आठवडे केंद्रातच ठेवून घेतलं. बाटलीभर रक्त काढून टाकलं, दारावर माणूस बसवला, घरून काही आणायला बंदी. रेणू भराभर उतरला. हिमोग्लोबिन सोळावर आलं. मंदार घरी आला आणि बारा दिवसांत पुन्हा साडेसतरा.

या वेळी डॉक्टरांनी मंदारला काहीच विचारलं नाही. ते टेबलावरचं पेन नीट करत म्हणाले, "घरी स्वयंपाक कोण करतं?"

मंदारने मान वळवून बायकोकडे पाहिलं. सव्वीस वर्षांच्या संसारात त्याने तिच्याकडे रागाने पाहिलं होतं, कंटाळून पाहिलं होतं, एकदा तर घटस्फोट घेऊ म्हणून पाहिलं होतं. असं कधी पाहिलं नव्हतं. तो तिच्या हातांकडे बघत होता.

"डॉक्टर, अहो..." मृदुला खुर्चीतून अर्धवट उठली.

दुसऱ्या दिवसापासून मंदारने खाणावळीचा डबा लावला.

हे कुणाच्या बाबतीत घडावं? मृदुला खांबेटे गोडा मसाला करून विकायची. वीस वर्षं. नाशकात लग्नकार्यात आमटी चांगली झाली की लोक विचारायचे, 'खांबेट्यांचा मसाला का?' सासरी जाणाऱ्या मुली, अमेरिकेला जाणाऱ्या सुना, सगळ्यांच्या सामानात तिचं पाकीट. आणि तिचा स्वतःचा नवरा तिच्यासमोर बसून खाणावळीची पिवळी ढब्ब डाळ भातावर ओतून घेत होता. तिने केलेल्या चहाला हात लावत नव्हता. पाण्याची बाटलीसुद्धा स्वतः भरून उशाशी ठेवत होता.

"मंदार, एक घास. मी आधी खाते, मग तू खा."

"नको."

"मी तुला मारीन असं वाटतं तुला?"

"मला काही वाटत नाही, मृदुला. मला जगायचंय फक्त."

पहिल्या आठवड्यात सोळा पूर्णांक आठ. दुसऱ्या आठवड्यात साडेपंधरा. तिसऱ्या आठवड्यात चौदा. नवरा बरा होत होता आणि प्रत्येक आकड्याबरोबर बायको गुन्हेगार ठरत होती. आकडा खोटा म्हणावा तर नवऱ्याचा जीव जातो, खरा म्हणावा तर आपण खुनी. शेवटी शेवटी तिचा स्वतःवरचाही विश्वास उडाला. आपण झोपेत उठून काही कालवत तर नाही ना, असं वाटून तिने दोन दिवस स्वयंपाकघराला कुलूप लावून किल्ली शेजारी ठेवली.

तिसऱ्या दिवशी तिचं डोकं फिरलं. तिने मीठ, साखर, चहा, तेल, पिठं, डाळी, लोणचं, झाडून सगळे डबे पोत्यांत भरले, रिक्षात घातले आणि संजीवक केंद्रात डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन आदळले. एक्केचाळीस डबे.

"तपासा," ती म्हणाली. "एकेक तपासा. त्यात सापडलं नाही, तर यांच्यासमोर माझी माफी मागायची तुम्ही."

चार दिवसांनी डॉक्टरांनी दोघांना बोलावलं. टेबलावर एकच डबा होता. स्टीलचा, चपट्या झाकणाचा.

"सापडलं," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या गोड्या मसाल्यात. दोन चमचे मसाल्यात अर्धी गोळी."

मृदुलाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"दिवाळीत मी खांबेट्यांचं पथ्य सोडलं," डॉक्टर पुढे बोलत होते. "म्हटलं, आता घरचं जेवा. आमटी, भरली वांगी, मसालेभात. आम्ही आठवड्याला एक गोळी देत होतो आणि तुमच्याकडे रोज अर्धी पोटात जात होती. वहिनी, यात दगडफूल आहे?"

मृदुलाने टेबलावरचा डबा आपल्याकडे ओढला.

"या गोळीतला रेणू मुळात त्याच जातीतून काढलेला आहे. खडकावर वाढतं ते. फूल कसलं, एक बुरशी आणि एक शैवाल एकत्र राहतात, त्याचे पापुद्रे. तेलात तळलं की रेणू तेलात उतरतो आणि तेलाबरोबर अंगात मुरतो. सगळ्या जगात माणसं हे फारसं खात नाहीत. आपण खातो." त्यांनी एक कागद पुढे सरकवला. "हा तुमचा फॉर्म. चौदा घरांतला सगळ्यात नेटका. गोड्या मसाल्याचे तेरा जिन्नस, वजनांसकट. धणे, जिरं, तीळ, खोबरं, नागकेशर. अकरा घरांनी दगडफूल लिहिलं होतं. संगणकाने लाल खूण केली आणि आम्ही त्यांना ते बंद करायला सांगितलं. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुमच्या फॉर्मवर ते नव्हतंच. आमचीही चूकच, सगळ्यांना सरसकट सांगायला हवं होतं. पण तुम्ही लिहिलं का नाही?"

काय सांगणार? मसाला तिला वाईच्या आत्याने शिकवला होता. आत्याच्या मसाल्यात सगळी करामत दगडफुलाची. दुप्पट घ्यायचं, वेगळ्या तेलात काळपट होईपर्यंत परतायचं. शिकवताना आत्याने बजावलं होतं, माप विचारलं तर सांगावं, पण पुरतं सांगू नये. मराठी बायका असं करतातच. कुणी कृती मागितली तर हसतमुखाने देतात आणि एक जिन्नस हातचा राखतात. म्हणजे आमटी मागणारीची होते, पण त्यांच्यासारखी होत नाही. मृदुलाने वीस वर्षं कुणालाच दगडफूल सांगितलं नव्हतं. पाकिटावर छापलं नव्हतं. केंद्राचा फॉर्म भरताना तिला वाटलं होतं, हा उद्या कुणाच्याही हातात पडेल. म्हणून वजनं लिहिली, तेरा जिन्नस लिहिले, अक्षरसुद्धा वळणदार काढलं.

"राहून गेलं," ती म्हणाली. मग तिलाच ते सहन झालं नाही. "नाही. मीच लिहिलं नाही. कृती कळू नये म्हणून."

मंदार खुर्चीवरून उठला. आता तो ओरडेल, हात उचलेल, निघून जाईल, असं तिला वाटलं. तो तिच्या शेजारी येऊन मटकन बसला आणि त्याने मोठा सुस्कारा टाकला.

"म्हणजे तू मुद्दाम करत नव्हतीस," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "देवा. मुद्दाम नव्हतीस करत."

 तो नुसता संशय घेत नव्हता तर. तीन आठवडे, रोज, शेजारच्या उशीवर डोकं ठेवून झोपताना त्याने ते खरंच मानलं होतं. आणि तिनेही त्याच्या सायकलच्या नळीत बोटं घातली होती. कुणी कुणाला काय म्हणायचं?

"आता एक सांगा," डॉक्टर म्हणाले. "हा मसाला इथल्या आणखी कुणाला दिलात का?"

दिला होता. मंदार इथे भरती होता तेव्हा संक्रांत आली. एरवी ती घरी हळदीकुंकू करायची, या वर्षी म्हणाली, केंद्रातच करू. तपासणीला आलेल्या बायका होत्या, सगळ्यांचे नवरे एकाच दुखण्याचे. तिने सात जणींना कुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि वाण म्हणून आपल्या मसाल्याचं अर्धा किलोचं पाकीट दिलं. नवऱ्याच्या आयुष्यासाठी द्यायचं असतं ते वाण.

डॉक्टर उभे राहिले. ज्यांचं नीट चाललं होतं त्यांची तपासणी तीन महिन्यांनी असे. संक्रांतीनंतर त्या सात घरांतलं कुणीच तपासलेलं नव्हतं.

फोन तिथूनच लावले. एकीने पाकीट फोडलंच नव्हतं. एकीने नणंदेला दिलं होतं. दोघींचे नवरे तासाभरात केंद्रात आले, एकाचं हिमोग्लोबिन अठरा निघालं, त्याला तिथेच आडवा करून रक्त काढलं. आणखी दोघींनी मसाला पाहुण्यांपुरता ठेवला होता. सातवी बेबीताई. त्यांच्या घरी एकच फोन, निंबाजींचा, आणि तो बंद.

"मी जाते," मृदुला म्हणाली. "घर माहीत आहे मला."

"मी येतो," मंदार म्हणाला.

कळवणला पोचायला दीड तास लागला. मंदार गाडी चालवत होता आणि मृदुला दर दहा मिनिटांनी तो फोन लावून बघत होती. वस्तीच्या वळणावरच तिला अंगणात घातलेली ताडपत्री दिसली. तिच्यावर डोक्याला टोप्या घातलेले दहा-बारा पुरुष मुकाट बसले होते. ती गाडी थांबायच्या आत उतरली.

बेबीताई आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. कपाळ मोकळं. मृदुलाला बघताच त्यांनी हात पसरले आणि तिच्या गळ्यात पडून मोठ्याने रडल्या.

"तुम्ही आल्या ताई. कोणी कळवलं तुम्हाला? आज पाचवा दिवस. सकाळी दात घासत होते अन् तोंड वाकडं झालं. दवाखान्यात न्यायलाबी वेळ दिला नाही हो."

मृदुला त्यांची पाठ थोपटत राहिली.  दारात मंदार चपला न काढता उभा होता.

"एक सांगू ताई?" बेबीताईंनी पदराने डोळे पुसले. "शेवटचा महिना लई सुखात गेला त्यांचा. आम्हाला मसाला बंद होता ना. दगडफूल खायचं नाही म्हणून सांगितलं होतं डॉक्टरांनी. आठ महिने नुसतं तिखट-मीठ. जेवायलाच बसत नव्हते. मग तुम्ही वाण दिलं. मी सुनेला म्हटलं, आधी वाच, काय काय आहे त्याच्यात. तिने दोनदा वाचलं. दगडफूल नव्हतं. तेव्हा कुठे केली मी आमटी. दोन-दोन वाट्या प्यायचे. म्हणायचे, बेबी, रोज हीच कर." त्या उठल्या, फळीवरून पाकीट काढून घेऊन आल्या. तोंड दोऱ्याने बांधलेलं, तळाशी दोन मुठी मसाला. "एवढा ठेवला आहे. दहाव्याला घास ठेवू ना, तेव्हा याचीच आमटी करते. त्याबिगर कावळा शिवायचा नाही."

मंदार हलक्या आवाजात म्हणाला, "मृदुला, आत्ता नको." त्याचं बरोबरही असेल. पण बेबीताईंनी पाकीट तिच्या हातात दिलं होतं, कौतुकाने, आणि त्याच्यावर तेरा जिन्नस छापलेले होते.

"बेबीताई, यात दगडफूल आहे."

बेबीताईंना कळलंच नाही. "नाही ताई. वाचलं ना आम्ही."

"मी छापलं नव्हतं. माझी कृती कुणाला कळू नये म्हणून. पण आहे. खूप आहे. त्यानेच त्यांचं रक्त वाढलं. माझ्यामुळे गेले ते, बेबीताई. माझ्यामुळे."

कोपऱ्यात बसलेली सून उठून उभी राहिली. बाहेर पुरुषांतलं कुणीतरी खोकलं. बेबीताई मृदुलाच्या तोंडाकडे बघत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग येत नव्हता. मृदुला तो यावा म्हणून थांबली होती. शिव्या द्या, झिंज्या धरा, काहीही करा. त्यांनी पाकीट परत आपल्याकडे घेतलं, उघडलं, वास घेतला आणि आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं.

"म्हणजे मीच वाढलं ना त्यांना?" त्यांनी विचारलं. "रोज. मीच आग्रह करत होते."